फळ्यावरची भरती

आमच्या गावात पुळणीकडे, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, सुरूच्या बनाच्या जरा अलीकडे, गेल्या दिवाळीपासून एक काळा फळा उभा आहे. शाळेची जुनी खोली पाडली तेव्हा निघालेला हा फळा ग्रामपंचायतीच्या मागच्या पडवीत कित्येक वर्षे भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याच्या एका कोपऱ्याचे पोपडे निघालेले आहेत. त्यावर रोज सकाळी खडूने तीन ओळी लिहिल्या जातात: पूर्ण भरती किती वाजता, पूर्ण ओहोटी किती वाजता आणि आज पाण्यात कोणत्या बाजूला उतरू नये. दोन लोखंडी खांब आणि गवंड्याची एका दिवसाची मजुरी एवढाच काय तो खर्च आला. मात्र या तीन ओळी तिथे लिहाव्यात असा ठराव होण्यासाठी तीन सभा लागल्या.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, एका खाडीच्या मुखाशी आमचे गाव आहे. एका अंगाला खारव्यांची, म्हणजे मच्छीमारांची वाडी, दुसऱ्या अंगाला नारळ-सुपारीच्या बागा आणि मध्ये सव्वा-दीड किलोमीटरची पुळण. बागांमधून आता घरोघरी पर्यटकांसाठी दोन-चार खोल्या झाल्या आहेत. आमच्याही दोन आहेत, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात माझ्या पोटापाण्याचाही संबंध आहे हे आधीच सांगून टाकते.

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे घाटावरचे चार तरुण उतरले होते. पोहे वाढताना मी त्यांना पोहता येते का, असे विचारले, तेव्हा त्यांतला एक अभिमानाने म्हणाला, "काकू, विहिरीत शिकलोय, कंबरेला डबा बांधून." दहाच्या सुमारास ते पुळणीवर गेले. त्या दिवशी द्वादशी होती, म्हणजे सकाळी नऊला पाणी पूर्ण भरून उतरायला लागलेले होते. खाडीच्या मुखाजवळ दोन वाळूच्या दांड्यांच्या मध्ये एक पट्टा असतो, तिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी बाकीच्या समुद्रापेक्षा शांत, जरासे गढूळ दिसते. नवख्या माणसाला हीच जागा सगळ्यांत सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात लाटांनी दांड्यांवरून आत आणून टाकलेले पाणी ज्या वाटेने समुद्रात परत जाते, ती ही वाट असते, आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीतून बाहेर पडणारे पाणीही तिलाच येऊन मिळते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस तिथे दहा-बारा पावलांत छातीभर पाण्यात जातो आणि मग किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू लागतो. समोरून येणाऱ्या त्या ओढीपुढे चांगला पोहणाराही पाच मिनिटांत दमतो.

तिघे किनाऱ्यापासून बरेच आत ओढले गेले, चौथा काठावर ओरडत राहिला. वाडीसमोर जाळे दुरुस्त करत बसलेल्या दोघा भावांनी ट्रकच्या चाकाची ट्यूब आणि होडीच्या नांगराचा दोर घेतला आणि ते धावत सुटले. बघणाऱ्याला आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे ते दोघे त्या मुलांकडे सरळ गेलेच नाहीत. त्यांनी ओढीच्या पट्ट्यातच उडी घेतली, पाण्याने त्यांना आपोआप मुलांपर्यंत नेले, आणि तिघांना ट्यूबला धरायला लावून ते किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे सरकत राहिले. लाटा फुटताना दिसू लागल्या तेव्हा कुठे ते काठाकडे वळले. उतरले होते त्या जागेपासून दोनशे-अडीचशे पावलांवर सगळे बाहेर आले. १०८ ची रुग्णवाहिका तालुक्याच्या गावाहून यायला पन्नास मिनिटे लागली, त्यात तिचा काही दोष नाही, रस्ताच तेवढा आहे. एका मुलाच्या छातीत पाणी गेले होते, त्याला दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. ज्यांनी वाचवले त्या भावांतला थोरला, जो होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख आहे, माझ्या पडवीत चहा पिताना एवढेच म्हणाला, "वहिनी, विहिरीतलं पाणी कुठे जात नाही."

या घटनेची नोंद कुठेही झाली नाही. माणूस बुडाला की पंचनामा होतो, पोलीस पाटलाची वर्दी जाते, वर्तमानपत्रात चौकट येते. माणूस वाचला की कागद निघत नाही, आणि कागद नसला की पुढच्या बैठकीत तो प्रसंग घडलेलाच नसतो. आमच्या किनाऱ्यावर एका हंगामात असे किती जण ओढून काढले जातात, हे खारवीवाडीला तोंडपाठ आहे. कार्यालयात मात्र त्याचा आकडा शून्य होता.

म्हणून मी ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे ठरवले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. आमचे मतदार हजाराच्या थोडे वर आहेत, म्हणजे शंभर माणसे हवीत. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी संपून होड्या नुकत्याच पाण्यात गेलेल्या, भाताची बेणणी चालू, अशा दिवसांत झेंडावंदन आटोपल्यावर साठ-पासष्ट माणसे उरली आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे आमच्याकडे खरे कामकाज बहुधा तिथेच होते. लोकशाहीच्या दृष्टीने हे शोभणारे नाही, पण कामाची माणसेच तेवढी उरतात हेही खरे.

तहकूब सभेत विषय निघाला तो "ऐनवेळी येणाऱ्या विषयांत". भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले असले तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणते) शांतपणे समजावून सांगितले की, समुद्र आपल्या हद्दीत येत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुळणीची जमीन सरकारी, म्हणजे महसूल खात्याकडे. बंदराची हद्द आणि पाण्यातले खेळ १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. सुरूचे बन वनीकरणाचे, कायदा-सुव्यवस्था पोलिसांची, आणि पुळणीवर पक्का मनोरा बांधायचा म्हटले तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची परवानगी. एवढ्या सगळ्यांच्या मधोमध माणूस बुडाला की पहिला फोन मात्र सरपंचांना जातो. त्याच अधिनियमाच्या ग्रामसूचीत ग्रामपंचायतीच्या कामांमध्ये ग्रामसंरक्षणाचा विषय आहे, याकडे एका निवृत्त शिक्षकांनी लक्ष वेधले, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, विषय आहे, पण त्याचं हेड नाही." ज्या कामाला खर्चाचे हेड नाही ते काम वहीत अस्तित्वात नसते. विषय "पुढील सभेत घ्यावा" म्हणून मिटला.

सरकारने किनाऱ्याकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले, तेव्हापासून सागरी सुरक्षा हा शब्द आमच्या कानांवर सतत पडतो. सागरी पोलीस ठाणी झाली, गस्ती नौका आल्या, मच्छीमार तरुणांची सागर रक्षक दले झाली, खलाशांना ओळखपत्रे मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ बेवारस नौका सापडली आणि तिच्यात रायफली निघाल्या, तेव्हा आमच्या खाडीवरही दोन दिवस पहारा होता. ते आवश्यकच आहे. फक्त या सगळ्या व्यवस्थेचे तोंड समुद्राकडून कोण येतो तिकडे आहे. जमिनीवरून समुद्रात कोण जातो, हे पाहायला दोन जीवरक्षक, तेही शनिवार-रविवारी.

या जीवरक्षकांचे अर्थकारण सांगण्यासारखे आहे. पुळणीच्या रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांकडून ग्रामपंचायत वाहनतळाचे आणि स्वच्छतेचे शुल्क घेते, त्यातून गावातल्याच दोन मुलांना मानधन दिले जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशांतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेनुसार वापरता येत, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे जीवरक्षकासाठी पिवळ्या रंगाची खुर्ची घेता येई, त्या खुर्चीत बसणाऱ्याचे मानधन देता येत नसे. शुल्कावर भिस्त ठेवली की गाड्या असतील तर पैसे आणि पैसे असतील तर जीवरक्षक. जून ते सप्टेंबर गाड्या कमी, म्हणून जीवरक्षक नाहीत, आणि नेमका तेव्हाच समुद्र सर्वांत वाईट असतो. पावसाळ्यात येणारे थोडे लोक "कोणी अडवत नाही" म्हणून पाण्यात उतरतात.

२ ऑक्टोबरच्या सभेआधी नियमाप्रमाणे महिलांची ग्रामसभा झाली. एरवी ती सह्या करून अर्ध्या तासात उरकते. या वेळी मासळी विकणाऱ्या चार बायका पाट्या बाहेर ठेवून आत आल्या आणि त्यांतल्या एकीने जे विचारले ते माझ्या डोक्यातही आले नव्हते. तिचे म्हणणे असे की, पाण्यात पोहायला गेलेला माणूस बुडतो तेव्हा त्याला काढायला आमचेच नवरे आणि मुलगे उड्या टाकतात, त्यांना उद्या काही झाले तर कोण बघणार? त्यांच्याजवळ एक लाइफ जॅकेट नाही. सगळे गप्प झाले. मग माझ्या सासूबाई, ज्या सभेत कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या की, बुडाल्यावर उडी मारण्यापेक्षा बुडू नये म्हणून सांगा ना, भरती कधी ते त्या लोकांना ठाऊक तरी आहे का?

भरतीची वेळ आमच्याकडे कोणी घड्याळात पाहत नाही, पंचांगात पाहते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशोब सासूबाईंना त्यांच्या वडिलांनी शिकवला. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला, शुद्ध पक्ष असो की वद्य. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती आणि पुढे पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढते आणि तेवढ्याच जोराने उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. खारवीवाडीतल्या दहा वर्षांच्या पोराला हे येते. पुण्याहून पाच तास गाडी चालवून आलेल्या, हातात सगळ्या जगाची माहिती असलेला फोन बाळगणाऱ्या माणसाला येत नाही, आणि आम्ही ते त्याला सांगत नाही. शाळेतला फळा मोकळाच पडला आहे, ही आठवण एका अंगणवाडी सेविकेने करून दिली.

दुपारच्या मुख्य सभेत विरोध झालाच. एका निवासवाल्याने उघड विचारले की, रस्त्याच्या तोंडाशी "इथे उतरू नये" असे लिहिले की पर्यटक घाबरतील आणि शेजारच्या गावात जातील, मग खोल्या कोण भरणार? खोटे कशाला बोलू, ही भीती माझ्याही मनात होती. दिवाळीचे आगाऊ आरक्षण आमच्याही वहीत होते. त्याला उत्तर तांडेलाने दिले, की शेजारच्या गावाची खाडी आपलीच खाडी आहे, पाणीही तेच आहे. लोक हसले आणि वातावरण निवळले.

खरा आक्षेप गुरुजींचा होता, आणि तो मला अजून पटतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ती सहल सोमवारची, ऐन थंडीतली, पावसाळ्याशी संबंध नसलेली. गुरुजींनी जुने पंचांग काढून पाहिले होते: त्या दिवशी वद्य अष्टमी होती. उधाण नव्हे, भांग. म्हणजे फळ्यावर नुसती वेळ लिहून त्या दिवशी "आज पाण्याला जोर कमी" असा निष्कर्ष कोणी काढला असता, तर तो जीवघेणा ठरला असता. वेळेइतकीच जागा महत्त्वाची, हे त्यांचे म्हणणे सभेने मानले आणि तिसरी ओळ ठरावात आली ती त्यामुळे. ही ओळ रोज बदलता यावी लागते, कारण वाळूच्या दांड्या एका जागी राहत नाहीत. पुळणीवर कोणत्या तरी खात्याने लावलेला पत्र्याचा फलक आहे, "धोकादायक क्षेत्र" असे त्यावर रंगवलेले आहे, खालचे दूरध्वनी क्रमांक खाऱ्या वाऱ्याने खाल्ले आहेत. तो लावला तेव्हा धोका तिथेच होता. आता धोका साठ-सत्तर पावले दक्षिणेला सरकला आहे आणि फलकाच्या समोर पाणी बऱ्यापैकी उथळ आहे. त्यामुळे फलक वाचून शहाणपणाने बाजूला सरकणारा माणूस नेमका ओढीत जातो.

मोबाइलवर संदेश पाठवावा, गटावर टाकावे, फळा कसला या काळात, असेही एका तरुण सदस्याने सुचवले. त्याचा मुद्दा अडाणी नव्हता, वादळाचे इशारे आता खरोखर फोनवर येतात आणि वेळेवर येतात. पण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ सभेतल्या प्रत्येकाने अंगावर घेतलेले होते. त्या दुपारी विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे एकाच तासात गेले, पुढे वीज यायला कित्येक ठिकाणी आठवड्यांमागून आठवडे गेले, आणि सुपाऱ्या काडीसारख्या मोडून पडलेल्या वाड्यांमधून निरोप पोचवायला माणूसच पाठवावा लागला. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे वादळ किनाऱ्याला आदळले तेव्हा भरती उतरत होती. चार तास आधी आले असते तर खारवीवाडीत पाणी कुठवर चढले असते, याचा हिशोब आमच्याकडे अजून रात्री गप्पांत निघतो. आधीची पिढी बंदरावरचा वादळाच्या इशाऱ्याचा बावटा पाहत असे. "तीन नंबरचा लागला" एवढे शब्द होड्या ओढायला पुरत. खडूला वीज लागत नाही, एवढ्यावर तो सदस्य राजी झाला आणि ठरावाचा अनुमोदकही तोच झाला.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. फळा ग्रामपंचायतीने उभारावा, खाडीच्या बाजूला ओढीच्या जागेसमोर लाल बावटा लावावा, तो कुठे लावायचा हे तांडेलांनी आठवड्यातून एकदा पाहून सांगावे, आणि वाचवलेल्या प्रत्येक माणसाची नोंद कार्यालयातल्या एका वेगळ्या वहीत व्हावी. फळ्याच्या खालच्या कडेला तैलरंगाने ११२, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक रंगवले आहेत. जॅकेटांचा विषय तालुक्याकडे पाठवला आहे, तो अजून तिथेच आहे.

लिहिण्याचे काम पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याकडे आले, कारण व्हॉल्व्ह सोडायला तो रोज पहाटे त्याच वाटेने जातो. पहिले काही दिवस त्याने छापील भरतीच्या तक्त्यावरून वेळ लिहिली आणि सासूबाईंनी आपल्या हिशोबाने ती तपासली. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला की दोघांमध्ये वाद होई. शेवटी तक्त्याची वेळ लिहायची आणि पुढे तिथीही लिहायची, असे ठरले. दिवाळीत पर्यटक त्या फळ्याचे फोटो काढत होते, काही नुसते हसत होते, पण बरेच जण थांबून वाचत होते, आणि आमच्याकडचे एक गृहस्थ नाश्ता करून निघता निघता "साडेअकराला उतरती लागते ना?" असे मलाच विचारून गेले. वहीत दिवाळीपासून आजवर तीन नोंदी झाल्या आहेत. तिन्ही वेळा बावट्याच्या पलीकडे गेलेली माणसे होती.

गेल्या महिन्यात तो कर्मचारी मुलीच्या सोयरिकीसाठी दोन दिवस गावाबाहेर होता आणि फळ्यावर परवाची वेळ तशीच राहिली. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणजे दोन दिवसांत दीड तासाची चूक. एका कुटुंबाने ती वाचली आणि पाणी चढते आहे अशा समजुतीने ते सुकतीला मुलांना घेऊन उतरले. जीवरक्षकाने शिटी मारून त्यांना बाहेर बोलावले, पुढे काही झाले नाही. सरपंचांनी त्या संध्याकाळी कार्यालयात आम्हा चार-पाच जणांना बोलावले आणि तोंडीच ठरले की, तारीख आजची नसेल तर सकाळी पुळणीवर जाणारा पहिला माणूस, मग तो कोणी का असेना, फळा पुसून टाकील. दुसऱ्या दिवशी तांडेलाने जाळ्याच्या दोरीने फळ्याच्या खांबाला एक डस्टर बांधला.